साडेसहाचा ग्लास

वत्सलाबाई कांबळे विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायच्या आणि पाचव्या शीलाला गप्प बसायच्या. पहिली चार शीलं अगदी खणखणीत आवाजात. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वावगं वागणार नाही, खोटं बोलणार नाही. मग मद्य न घेण्याचं पाचवं आलं की हात जोडलेलेच राहायचे, मान ताठ, डोळे उघडे आणि तोंड बंद. बाकीच्यांचं म्हणून झालं की बाई पुढचं म्हणायला पुन्हा सामील व्हायच्या.

मी त्यांना याचं कारण विचारलं होतं. निपाणीतल्या त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे, आणि एका पौर्णिमेला त्या मला खीर खायला म्हणून विहारात घेऊन गेल्या होत्या. परत येताना रस्त्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "रोज सांजंला एक ग्लास घेतीया मी. मग पाचवं म्हटलं की चौथं मोडतंय. एक मोडल्यालं हाय तेवढं बास. दोन कशाला मोडू?"

मी नंदगडजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात दारूचा विषय निघायचा तो फक्त दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल बोलताना. निपाणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा बाई आमच्या विभागप्रमुख होत्या, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एकट्या मुलीला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. मी स्टाफरूममध्ये तोंड पाडून बसलेली बघून बाई म्हणाल्या, वर माझी खोली आहे, उद्या सामान घेऊन ये. येण्याजाण्याच्या वेळा, पाहुणे, स्वयंपाकाचा वास, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. मला वाटलं, बाई फार साध्या आहेत. बाई साध्या नव्हत्या, हे कळायला मला पहिला शनिवार पुरला.

त्या दिवशी संध्याकाळी सव्वासहानंतर खालून किसणीचा आवाज यायला लागला. खरखर, खरखर, मग थोडं थांबणं, मग पुन्हा. मी जिन्यातून वाकून बघितलं तर बाई पाटावर बसून गाजरं किसत होत्या. मला वाटलं हलवा. गाजराचा कीस त्यांनी पांढऱ्या मलमलीत बांधला, दोन्ही हातांनी पिळला, खालच्या पातेल्यात केशरी रस पडला. त्यात आल्याचा रस चमचाभर, अर्ध्या संत्र्याचा रस, चिमूटभर मीठ. मग त्यांनी कपाट उघडून रमची बाटली काढली, आपल्या प्रयोगशाळेत असतो तसला काचेचा मेझरिंग सिलिंडर काढला, तो डोळ्यासमोर धरून बरोब्बर तीस मिलिलिटर मोजली. ग्लासात आधी बर्फ होता. सगळं ओतून, लांब चमच्यानं तीनदा ढवळून त्यांनी वर बघितलं आणि मला म्हणाल्या, "ये खाली. तुझ्यात रम न्हाय घालत. रस पी."

तो सिलिंडर बघून माझ्या मनात जे आलं ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. कारण त्यांनी उठून ड्रॉवरमधून एक पावती काढली आणि माझ्यापुढं धरली. सिलिंडर कोल्हापुरातल्या दुकानातून स्वतः विकत घेतलेला होता. कॉलेजची एक टेस्टट्यूबसुद्धा या घरात नाही, असं त्यांनी मला बजावलं. दुसरं शील त्या असं पाळायच्या.

मिक्सर घरात होता, पण तो चटणीला. रसाला किसणी आणि मलमलच. मिक्सरनं रसाला फेस येतो आणि चव भरडली जाते असं त्यांचं म्हणणं. काकडी किसल्यावर लगेच पिळायची, ठेवली की कडवटते. टोमॅटोचा रस व्होडकाबरोबर, त्यात संकेश्वरी मिरचीचा एकच तुकडा दहा मिनिटं बुडवून काढायचा, अकरावं मिनिट झालं की टाकून द्यायचं. पेरूचा रस गाळायला फार त्रास, पण कडेला तिखटमीठ लावून तो त्या हौसेनं करायच्या. उसाचा रस, आलं, लिंबू आणि रम हा त्यांचा फार लाडका प्रकार. रम उसाचीच असते, तेव्हा माय आणि लेक एका ग्लासात आल्या, असं म्हणून त्या हसायच्या. जांभळाच्या दिवसांत जिनबरोबर जांभळाचा रस, आणि मग दोन दिवस जिभेचा रंग तसाच घेऊन वर्गात शिकवायच्या.

हे सगळं एका प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलेलं होतं. प्रयोग क्रमांक, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. उद्देशाच्या खाली बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, चव. बिटाच्या रसावर त्यांनी पाच प्रयोग केले होते. पाचव्याचं अनुमान मी स्वतः वाचलंय. "बीट दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. पुन्हा करू नये."

ग्लास एकच. दुसरा नाही. दसऱ्याला नाही, निवृत्तीच्या दिवशी नाही. वेळ साडेसहा. आणि तो ग्लास घेऊन त्या बसायच्या कुठं, तर बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडं तोंड करून, दार सताड उघडं ठेवून. गल्लीतून येणारंजाणारं प्रत्येक माणूस बघायचं. भाजीवाली बघायची, शाळेची पोरं बघायची, समोरचे निवृत्त तलाठी तर रोज बघायचे आणि रोज मान फिरवायचे. मी एकदा म्हटलं, बाई, दार थोडं ओढून घेऊ का, डास येतायत. बाई म्हणाल्या, डासांसाठी कासव छाप लाव.

बाईंचे वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई विड्या वळायची. वडिलांबद्दल त्या क्वचित बोलायच्या, पण एका शनिवारी बोलल्या. "वखार सुटली की आमचा बाप गुत्त्यावर. उभ्यानं प्यायचा. नाक दाबून, एका दमात. त्येला कुणी खुर्ची दिली न्हाय, कुणी धड ग्लास दिला न्हाय. पंचेचाळिसाव्या वर्षी मेला, पर दारूची चव कशी असती त्येला ठावंच न्हवतं. मी दारू चांगली म्हणत न्हाय, सरे. आमच्या घरानं बघितलंय. पर मी खुर्चीत बसून घेतीया. चव बघून घेतीया. त्येच्या वाटणीची बी."

सरे म्हणजे मी, सरिता. मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या रसात पंधरा मिलिलिटर जिन घालायला सांगितली. काकडी आणि पुदिना होता. मला तो प्रकार आवडला, इतका की मला स्वतःची भीती वाटली. त्यानंतर दर शनिवारी मी खाली यायला लागले. फक्त एक होतं. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही दाराच्या समोर. मी माझी खुर्ची उचलून दाराच्या फळीमागं ठेवायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला बाई दिसायच्या, मी दिसायचे नाही. बाईंनी हे पहिल्याच शनिवारी बघितलं, आणि पुढच्या शनिवारपासून मी यायच्या आधीच ती खुर्ची त्या स्वतः फळीमागं ठेवून द्यायला लागल्या. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

बाटल्या त्या स्वतः आणायच्या. निपाणीत वाईन शॉपसमोर बायका रस्ता ओलांडून पलीकडून जातात. बाई सकाळी अकराला, कॉलेजला जायची कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एकदा मी बरोबर होते, म्हणजे पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून बघत होते. रांगेतले चार पुरुष हळूहळू पांगले. एक जण खांबामागं गेला. तो बाईंचा जुना विद्यार्थी निघाला. बाईंनी त्याला हाक मारून रांगेत पुन्हा त्याच्या जागी उभं केलं, तू माझ्या आधी आला होतास म्हणून. बिचाऱ्यानं काय घेतलं असेल कुणास ठाऊक, मला तर वाटतं त्यानं सोडा घेतला. दुकानदार बाटली पेपरात गुंडाळायला लागला तर बाई त्याला कानडीत म्हणाल्या, "पेपर ब्याड री." आणि मग शेजारच्यांना समजावं म्हणून मराठीत, "पेपर नको. चोरलेली न्हाय. नुसती द्या."

मला हसू येतं हे आठवून, पण खरं सांगायचं तर तेव्हा मी झेरॉक्सवाल्याकडं पाठ फिरवून एक कोरा कागद वाचत होते.

गावानं बाईंना वाळीत टाकलं होतं असं नाही. कॉलेजात मान होता. पण घरी कुणी येत नव्हतं. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं, भाऊ पुण्याला, त्याच्या मुलांची लग्नं झाल्यावर फोनही कमी झाले. बाईंना माणसं होती ती एकाच ठिकाणी, विहारात. रोज संध्याकाळी पाच ते सव्वासहा त्या तिथं वस्तीतल्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायच्या. कितीतरी वर्षं. त्या वर्गातून शिकून इंजिनियर झालेले, नर्स झालेल्या, बँकेत लागलेले सगळ्या गावात भेटायचे आणि बाईंच्या पाया पडायचे. वर्ग सुटला की बाई घरी यायच्या आणि किसणी घ्यायच्या. त्यांचा दिवस त्या सव्वा तासावर उभा होता. तो वर्ग गेला तर बाईंकडं काय उरतं, हे मलाच काय, गल्लीतल्या कुणालाही सांगता आलं असतं.

आणि तो गेला, तोही मुलांच्या प्रेमामुळं.

त्या वर्षी पौर्णिमेच्या कार्यक्रमाला बाहेरगावाहून एक वयस्कर भंते आले होते. हॉल भरलेला. पुढं सतरंजीवर बाईंच्या वर्गाची मुलं, पांढऱ्या शर्टात, रांगेनं. बाई त्यांच्या कडेला. पंचशील सुरू झालं. मुलांचा आवाज सगळ्यात वर. चौथं झालं, आणि पाचव्याला पुढच्या चार रांगा एकदम थांबल्या. हात जोडलेले, मान ताठ, डोळे उघडे, तोंड बंद. मागून मोठ्या माणसांचा आवाज आला, तो एकटा पडल्यासारखा वाटला. भंतेंनी डोळे उघडून मुलांकडं बघितलं. पाचवं संपलं तशी मुलं बरोबर वेळेवर पुन्हा सुरू झाली.

नंतर एका आठ वर्षांच्या मुलीला तिच्या आईनं दंडाला धरून विचारलं. ती मुलगी म्हणाली, पाचवं मनात म्हणायचं असतं, बाई तसंच म्हणतात. बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं. मुलं पंचशील शिकली होती ती बाईंकडं बघून. कुणी चेष्टा केली नव्हती, कुणी फूस लावली नव्हती. उलट बाईंसारखं नीट करायचं म्हणून ती मुलं घरीही सराव करत होती.

दोन दिवसांनी मिलिंद आला. विहार समितीचा अध्यक्ष, वीजखात्यात इंजिनियर, बाईंच्याच वर्गातून शिकलेला. साडेसहा वाजले होते. मी फळीमागच्या माझ्या जागेवर होते, ती सोडून आत जायलाही वेळ मिळाला नाही. तो दाराबाहेरच्या ओट्यावर बसला, आत आला नाही. बराच वेळ पावसाचं, गटाराचं बोलत राहिला. मग म्हणाला की लोक बोलतायत, वर्ग घेणाऱ्यानं पाचही म्हटली पाहिजेत असं समितीचं ठरलंय, आणि त्याला स्वतःला हे सांगायला यायची फार लाज वाटतेय. शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, नुसते ओठ हालवा. आवाज बी नको."

"तुला धावीला गणित शिकवलं, तवा नुसते ओठ हालवलेते व्हय मी?"

मिलिंद हसला आणि लगेच त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, मग सोडून द्या ना बाई, एका ग्लाससाठी कशाला. बाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि आठ दिवस दे म्हणाल्या.

ते आठ दिवस खालून किसणीचा आवाज आला नाही. साडेसहाला दार उघडं असायचं, बाई खुर्चीत असायच्या, हातात काही नसायचं. शनिवारी मला हाक आली नाही. मी वर बसून पेपर तपासत होते आणि मनातून म्हणत होते, सोडली, बरं झालं, सुटलो सगळे. माझंही सुटेल असं मला वाटत होतं, हे मी आता कबूल करते.

नवव्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून मी गेले. बाई म्हणाल्या की आठ दिवसांत हात थरथरला नाही, झोप गेली नाही, चिडचिड झाली नाही. म्हणजे सोडता येते. वडिलांना आलं नाही ते आपल्याला येतं का, एवढं त्यांना बघायचं होतं.

"मग सोडा की बाई," मी म्हटलं.

"सोडली आसती गं. पर त्यास्नी मी सोडल्याली नकोच हाय. त्यास्नी मी पाचवं म्हटल्यालं पायजे. आजपातूर कोन आलं न्हाय मला सांगाय, की बाई, पिऊ नका, तुमच्या तब्येतीला वाईट. मिलिंद सोडा म्हणाला ते बी वर्गापायी. समदी म्हणत्यात, नुसतं म्हणा." मग त्या म्हणाल्या, "पोरांचं तेवढं खरं हाय. त्यांच्या घरात दारू हाय. त्यास्नी पाचवं मोठ्यानं म्हणता आलं पायजे. माझ्यापायी ती गप ऱ्हायली, हे मातर माझं चुकलं."

सोमवारी पाच वाजता त्या वर्गावर गेल्या. मीही गेले. मिलिंद आणि दोन-तीन पालक मागं उभे होते. बाईंनी फळा पुसला, खडू ठेवला आणि मुलांपुढं उभ्या राहिल्या. "पाचवं शील मोठ्यानं म्हणायचं. मनात न्हाय. मी म्हणत न्हाय, कारण मी ते पाळत न्हाय. मी घरात दारू घेती. तुम्ही घेऊ नका. आन् जे पाळत न्हाय ते पाळतो म्हणून सांगू नका." मग त्यांनी मुलांकडून पाचवं शील दहा वेळा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवतात तसं. स्वतः दहाही वेळा गप्प. त्यानंतर बाजूच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि निघाल्या. मागच्या पालकांमधली एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती, ती रागानं की कशानं ते मला कळलं नाही.

समितीनं वर्ग एका तरुण शिक्षकाला दिला. मुलं रस्त्यात भेटली की बाईंना नमस्कार करायची, पण घरी कुणी पाठवायचं नाही. त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. आता त्यांना पाच वाजता करायला काही नव्हतं. त्या पाचलाच किसणी घ्यायला लागल्या. पावणेसहापर्यंत ग्लास तयार व्हायचा आणि मग तो समोर ठेवून त्या साडेसहाची वाट बघत बसायच्या. बर्फ विरघळून रस पातळ व्हायचा. इतक्या वर्षांचं त्यांचं प्रमाण असं बिघडलं. मी एकदा म्हटलं, आधीच घ्या ना. त्या म्हणाल्या, मग साडेसहाला काय करू?

एका शनिवारी त्या आपणहून बोलल्या. बोलल्या म्हणजे रस्त्याकडं बघत बोलल्या, माझ्याकडं नाही. "चोरून बसणारी लई मिळत्यात, सरे. मला उघड्या दारात बसणारं एक माणूस पायजे हुतं. एकच." मी फळीमागं होते. माझ्या ग्लासात कलिंगडाचा रस होता. खुर्ची दोन हात पुढं सरकवायची, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. पुढच्या शनिवारी करू असं ठरवलं, आणि पुढच्या शनिवारच्या आधी बेळगावचं स्थळ आलं.

मुलगा चांगला, शहापूरचा, घर जुनं विणकरांचं, आता साड्यांचं दुकान. मुलगी राहते कुठं, ते बघायला रविवारी त्याचे आईवडील येणार होते. शुक्रवारी मी खाली गेले. बाईंचं बाटल्यांचं कपाट काचेच्या दाराचं होतं, बाहेरच्या खोलीतच. मी म्हटलं, बाई, रविवारपुरत्या तेवढ्या बाटल्या आत ठेवाल का. हे वाक्य मी वर चार वेळा म्हणून बघितलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. "बाटल्या हाईत तितंच ऱ्हातील," त्या म्हणाल्या. आणि मग, "मी जाते."

रविवारी सकाळी नऊला त्यांनी खालच्या घराला कुलूप लावलं, छत्री आणि कापडी पिशवी घेतली आणि गेल्या. पाहुणे आले, वर बसले, पोहे खाल्ले. सासूबाईंनी विचारलं, घरमालकीण कुठं आहेत. मी म्हटलं, गावाला गेल्यात. बाईंना गाव हेच होतं, दुसरं नव्हतं. सोमवारी कॉलेजच्या शिपायानं सांगितलं की कांबळे मॅडम काल दिवसभर बसस्टँडवर बसल्या होत्या, त्याला वाटलं कुणाची तरी वाट बघतायत. चिकोडीची गाडी गेली, कोल्हापूरची गेली, संकेश्वरची गेली, मॅडम बाकावरच. साडेसहा वाजून गेल्यावर त्या घरी आल्या, तेव्हा मी वरून कुलूप निघाल्याचा आवाज ऐकला. त्या संध्याकाळी ग्लास झाला नाही.

माझ्या लग्नाला त्या आल्या, जेवल्या, दुपारच्या गाडीनं परत गेल्या. मग मी बेळगावची झाले. सुरुवातीला फोन करायचे. बाई फोनवर प्रयोग सांगायच्या, आवळ्याचं जमलं नाही, तुतीचं जमलं. माझ्याभोवती माणसं असायची, मी नुसतं हो हो म्हणायचे. हळूहळू तेही राहिलं. परवा करू, उद्या करू. नवऱ्याला मी माझ्या शनिवारांचं कधीच सांगितलं नाही. तो भला माणूस आहे, बहुधा काही म्हणालाही नसता. मी त्याला विचारून बघितलंच नाही.

चार वर्षांनी कोल्हापूरहून परत येताना आम्ही निपाणीत शिरलो. मीच म्हटलं, जुन्या घरी पाच मिनिटं डोकावून येते. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या आणि मला ते कळायला पंधरा दिवस लागले, म्हणून ती पाच मिनिटं मी पुन्हा पुन्हा मोजून बघते.

गल्ली तशीच होती. समोरच्या तलाठ्यांच्या घराला कुलूप होतं. बाईंचं दार उघडं होतं. त्या पाटावर नव्हत्या, आता खाली बसता येत नव्हतं, टेबलावर किसणी धरून काकडी किसत होत्या. हात सावकाश चालत होता. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी काकडी तशीच ठेवली, ती कडवटेल हेही त्या विसरल्या. बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची होती. त्या आतून दुसरी ओढत आणायला लागल्या, आणि ती त्यांनी फळीमागं नेली नाही की दारासमोरही नेली नाही, मध्येच धरून उभ्या राहिल्या. मी कुठं म्हणते त्याची वाट बघत.

"आज नको बाई," मी म्हटलं. "हे गाडीत थांबलेत."

"त्यास्नी बी बोलीव की. तुमास्नी नुसता रस देते."

मी म्हटलं, अंधार पडायच्या आत बेळगाव गाठायचंय. साडेसहाला पाच मिनिटं होती, उन्हाळ्याचे दिवस होते, अंधाराला अजून वेळ होता. बाईंनी माझ्याकडं बघितलं, बरं म्हणाल्या, सावकाश जावा म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या हाताला पुदिन्याचा वास येत होता.

गल्ली अरुंद, गाडी वळवायला वेळ लागला. पुढं, मागं, पुन्हा पुढं. तेवढ्यात बाई ग्लास घेऊन येऊन बसल्या. रस्त्याकडं तोंड करून, ताठ, पिकलेले केस नीट विंचरलेले. गाडी अजून तिथंच आहे हे बघून त्यांनी आमच्या दिशेनं ग्लास जरासा उचलला, घरी आलेल्या माणसाला या म्हणावं तसा, आणि एक घोट घेतला. नवऱ्यानंही आरशातून ते बघितलं. त्याला त्या आवडल्या असाव्यात, तो हसला.

"काय घेतायत गं त्या?" त्यानं विचारलं.

"काकडीचा रस," मी म्हणाले.

त्यात काही खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते.